‘चालेल’ला किती गुण?

१ फेब्रुवारी

शाळेने निरोपाला ही डायरी दिली. पहिल्या पानावर मुख्याध्यापकांनी ‘पुढील आयुष्य सूखाचे जावो’ असं लिहिलंय, सुखातला उकार दीर्घ. तो मी आधी लाल शाईने दुरुस्त केला आणि मग लिहायला बसले.

सव्वीस वर्षं मी त्या शाळेचं वेळापत्रक लावलं. चोवीस तुकड्या, अडतीस शिक्षक, एक प्रयोगशाळा आणि एकमेकींचं तोंडही न बघणाऱ्या गणिताच्या दोन बाई, एवढं सगळं मी एका कागदावर बसवत असे. आता बसवायला काही उरलं नाही. तेव्हा म्हटलं, आपल्यालाच उचलून कुठेतरी नेऊन बसवावं.

म्हणजे परदेशात, राहायलाच. माझा जन्म इथून दुसऱ्या गल्लीतला, लग्न होऊन आले ती या तिसऱ्या मजल्यावर, आणि शाळा दोन्हींच्या मधोमध. माझं अख्खं आयुष्य बसच्या एका थांब्यात मावतं. पंचावन्नाव्या वर्षी तरी माणसाने दुसरा थांबा बघावा की नाही?

सकाळी चहाच्या वेळी यांना सांगितलं. एप्रिलमध्ये तीन शहरं फिरायची, नीट पारखायची, एक निवडायचं आणि बिऱ्हाड हलवायचं. हे कपात बघत म्हणाले, “चालेल.”

दुसरा कुणी असता तर घर डोक्यावर घेतलं असतं. एकतीस वर्षांत यांनी मला एकदाही नाही म्हटलेलं नाही. असा नवरा मिळायला भाग्य लागतं.

६ फेब्रुवारी

शहरांची नावं घरात उच्चारायची नाहीत असा नियम केलाय. भिंतींना कान असतात, आणि आमच्या भिंतीपलीकडे माझी धाकटी बहीण राहते. तिला सुगावा लागला तर उद्या सगळ्या नातेवाइकांत दवंडी पिटेल आणि परवा स्वतःच तिकिटं काढून माझ्या आधी जाऊन येईल. म्हणून मी शहरांना तुकड्या दिल्यात. अ तुकडी म्हणजे समुद्राकाठचं शहर. ब म्हणजे नदीकाठचं, टेकड्यांचं, जरा जुनाट. क म्हणजे नवंकोरं, उंच इमारतींचं.

अ आणि क या हुशार तुकड्या. ब मी खरं तर भरतीला घेतलीय, कारण अ मधून क ला जाताना विमान तिथे बदलावंच लागतं.

१४ फेब्रुवारी

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर यांचं वर्कशॉप आहे, दहा बाय बारा. हे कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, हे त्यावरून मेणाचं, मग प्लास्टरचं काहीबाही करून दात उभे करतात आणि डबीवर नंबर टाकून परत पाठवतात. अर्ध्या गावाला यांनी चावायला लावलंय, पण यांना रस्त्यात कुणी ओळखत नाही.

चौकातल्या डॉक्टरांना ती जागा हवीय. त्यांच्या क्ष-किरणाच्या यंत्राला. आज स्वतः आले होते, दोन पायऱ्या खाली उतरून दारात वाकून उभे राहिले आणि म्हणाले, “तीस एप्रिलपर्यंत हो की नाही ते सांगा. त्यानंतर मी दुसरी जागा बघेन.”

हे म्हणाले, “चालेल.”

बघा, देव कसा एकेक दार उघडतो. यांच्या मनात जागेबद्दल काही अडकलेलं असतं तर चेहऱ्यावर दिसलं असतं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. प्लास्टर उडालेलं होतं, तेवढंच.

२ मार्च

व्हिसाचे अर्ज भरले. ‘प्रवासाचा उद्देश’ या चौकोनात मी ‘शहरांची परीक्षा घेणे’ लिहिणार होते. खिडकीवरच्या मुलीने पर्यटनच लिहायला लावलं.

फोटो काढताना फोटोवाला यांना म्हणाला, काका, जरा हसा. यांनी ओठ मिटले ते मिटलेच. आयुष्य दातांत गेलं आणि स्वतःचे दात दाखवायची मारामार.

११ मार्च

गुणपत्रिका तयार झाली. हवा, पाणी, बाजार, दवाखाना, जिना, शेजार आणि ‘एकूण वागणूक’. प्रत्येकी काही गुण मी देणार, काही हे देणार. सरावासाठी यांना तिन्ही शहरांचे फोटो दाखवले. अ बघून म्हणाले चालेल. ब बघून म्हणाले चालेल. क बघूनही तेच.

आता ‘चालेल’ला किती गुण द्यायचे? शाळेत असते तर पस्तीस देऊन वर ढकललं असतं. नवरा आहे म्हणून साठ धरले. प्रथम श्रेणी.

एक चौथा रकाना घातलाय, ‘घर’. फक्त तुलनेसाठी. मोजपट्टीला कुठूनतरी सुरुवात लागते. घराला सहज एक्क्याण्णव पडले. हवा जरा वाईट आहे म्हणून, नाहीतर शंभरच.

संध्याकाळी खाली गेले तर यांच्या टेबलावर जूनच्या तारखेची तीन मापं. मी म्हटलं, “अहो, जूनमध्ये आपण इथे असू का?”

“मग मे महिन्यात देतो करून.”

“मेमध्ये तरी?”

हे दाढ घासत राहिले. यांना वेळेचं भान कधीच नव्हतं.

२५ मार्च

प्रवासाचं वेळापत्रक भिंतीला लावलं. दिवसाचे आठ तास, मध्ये मधली सुट्टी. पहिला तास नाश्ता, दुसरा-तिसरा घरं बघणे, चौथा बाजार, असं. यांना रोज एक तास मोकळा ठेवलाय, बिचाऱ्यांचे पाय दुखतात.

सामानाची यादीही झाली. माझी उशी, आपली चहाची गाळणी, आपला तवा. हे म्हणाले, “चौदा दिवसांसाठी तवा?” मी म्हटलं, परक्या तव्याचा भरवसा धरता येत नाही.

वरच्या मजल्यावरची बाई आजही पहाटेपासून खुर्च्या ओढत होती. अठरा वर्षं मी तिच्याशी भांडतेय. तिला म्हटलं, आता तुमची सुटका, आम्ही चाललो. तर डोळे पुसायला लागली. मीही उगाच उंबऱ्यात पाऊण तास उभी राहिले.

५ एप्रिल, अ तुकडी

पोचलो. समुद्र आहे. भरपूर आहे. सकाळी आहे, दुपारी आहे, कुठल्याही गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभं राहा, आहेच. तासाभराने वाटायला लागलं, बरं, आता दुसरं काही?

दोन घरं बघितली. पहिलं स्वच्छ, हवेशीर, दुसऱ्या मजल्यावर, भाजीबाजार पावलावर. पण जिन्याला डावीकडे कठडा. आपल्याला उजव्या हाताची सवय. पाच गुण कापले.

दुसऱ्या घराची मालकीण फार गोड बोलली. इतकं गोड बोलणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. शेजाराचे गुण कापले.

७ एप्रिल

रात्री झोप नाही. इथे वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढत नाही. अगदी शांत. माणसाने झोपावं कसं?

अ ला एकूण बावन्न. यांना विचारलं, कसं वाटलं? चालेल म्हणाले.

९ एप्रिल, ब तुकडी

आजचं वेळापत्रक पार कोलमडलं. दुसऱ्या तासाला घर बघायचं होतं, दलाल अकराला येणार होता. आम्ही उतरत्या गल्लीने जात होतो, तोच हे एका खिडकीपाशी थांबले. आत फळीवर कवळ्या. मी म्हटलं, आता इथेही तेच? पण हे काचेला नाक लावून उभे. आतून एक म्हातारी बाई बाहेर आली, सत्तरीची तरी असेल, अंगावर मळका एप्रन, कपाळावर भिंग. यांनी तिला आधी स्वतःचे हात दाखवले, मग फळीकडे बोट केलं. दोघांना एकमेकांच्या भाषेचं एक अक्षरही कळत नव्हतं. तिने एक स्टूल पुढे सरकवलं आणि हे बसले सुद्धा.

मी एकटी घर बघून आले. खिडकीतून नदी दिसते, मोठा ओटा, खाली पाव भाजणाऱ्याचं दुकान. पण रंगाचा वास येत होता.

तीन तासांनी परत येऊन बघते तर हे मेणाच्या हिरड्या कोरत बसलेले. समोर एक आजोबा, त्यांच्या तोंडात यांनीच घासून दिलेली नवी कवळी बसवलेली. कवळीवाल्या आजींनी त्यांच्या हातात सफरचंद दिलं. आजोबांनी ते कचकन चावलं, थांबले, पुन्हा चावलं, आणि रस हनुवटीवरून गळत असताना हसायला लागले. आजी हसल्या. हेसुद्धा हसले, अगदी मोठ्याने, मान मागे टाकून. यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. परक्या मुलखात माणूस गांगरला की असं हसत असावा.

मी काय ते ओळखलं. भिडस्त स्वभाव, उठावं कसं ते कळेना बिचाऱ्यांना. मीच हाताला धरून सोडवून आणलं. तीन तास फुकट गेले, म्हणजे बाजार, दवाखाना आणि मधली सुट्टी.

१० एप्रिल

हे चष्मा कवळीवाल्या आजींकडे विसरून आले होते. आणायला एकटे गेले. गल्ली दोन मिनिटांवर आणि परतायला दीड तास. वाट चुकले असणार. नखांत मेण होतं. जेवताना दोनदा वाढून घेतलं आणि मध्येच एक परका शब्द पुटपुटले. मी विचारलं, याचा अर्थ काय? म्हणाले, “हॉटेलवाल्याला विचारून आलो. ‘सुबक’ असा आहे. ती माझ्या दाढा उजेडात धरून म्हणाली.”

ब बद्दल विचारलं तर या वेळी चालेलही म्हणाले नाहीत. नुसते खिडकीबाहेर बघत बसले. गुणपत्रिकेत यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहावं लागलं. उगाच वाईट वाटलं, एवढं काय नावडलं असेल?

१३ एप्रिल, क तुकडी

इथल्या हॉटेलची लिफ्ट बोलते. आत शिरलं की स्वागत करते, बाहेर पडताना दिवस चांगला जावो म्हणते. पहिल्या दिवशी मी उत्तर दिलं. आज सहाव्यांदा तेच ऐकल्यावर तिला गप्प बस म्हटलं. शेजाराला शून्य.

दुपारी नणंदेचा फोन आला. ही यांची धाकटी बहीण. जिभेला हाड नाही, पण मनाची चांगली. विचारत होती, “मग वहिनी, दादाला कुठलं शहर आवडलं?”

“त्यांना काय, सगळीच. अ चालेल म्हणाले, क चालेल म्हणाले.”

पलीकडे ही हसायला लागली ती थांबेचना. “वहिनी, दादा ‘चालेल’ म्हणाला? अगं, आमच्या घरात ‘चालेल’ म्हणजे ‘नको’!”

“काहीतरीच काय बोलतेस?”

“आई शप्पथ. बाबांपुढे नको म्हटलं की कानाखाली बसायची. म्हणून आम्ही दोघं चालेल म्हणायला शिकलो. हा शर्ट घाल, चालेल. शाळा बदल, चालेल. मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ते सोडून दिलं. दादाचं अजून सुटलं नाही वाटतं.”

मी म्हटलं, “एकतीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही?”

“तू विचारलंस कधी?” म्हणाली. हसतच म्हणाली, पण लागलं.

१४ एप्रिल

वेळापत्रक आज गुंडाळून ठेवलं. पुनर्तपासणीला बसले.

पिवळे पडदे: चालेल. लग्नानंतर फिरायला थंड हवेच्या ठिकाणी जाणं, तिथे यांना आठ दिवस सर्दी: चालेल. घरात मांजर नको, मला शिंका येतात: चालेल. वर्कशॉप मोठ्या रस्त्याला न घेता आपल्याच इमारतीखाली, म्हणजे जेवायला हाक मारता येते: चालेल. लेकीचं नाव मी ठेवलं: चालेल. लेकीचंसुद्धा! तिला सत्तावीस वर्षं त्याच नावाने हाक मारतायत.

साठ-साठ गुण देत मी या माणसाला दर वर्षी वरच्या वर्गात ढकलत आणलं, आणि पेपर एकदाही उघडून बघितला नाही. अशी बाई माझ्या शाळेत असती तर मी तिला एकही तुकडी दिली नसती.

लिहिता लिहिता आणखी एक आठवलं. सासूबाईंनी मला एकदा हसत सांगितलं होतं. लग्नाआधी माझा फोटो दाखवून सासऱ्यांनी यांना विचारलं, मुलगी कशी वाटते? तेव्हा हे म्हणाले होते, “चालेल.”

आज पुढे लिहवत नाही.

१५ एप्रिल

नाश्त्याच्या टेबलावर विचारूनच टाकलं. “माझा फोटो दाखवला तेव्हा काय म्हणाला होतात तुम्ही?”

“कुठला फोटो?”

“लग्नाआधीचा. कठड्याला टेकून उभी आहे तो.”

“चालेल म्हणालो होतो.”

“का?”

यांनी पाव खाली ठेवला. “बाबा विचारत होते ना. एखादी गोष्ट मला हवीय असं त्यांना कळलं की ती हातची गेलीच म्हणून समज. सायकल मागितली, तर ती शेजारच्या मुलाला देऊन टाकली. हावरेपणा जावा म्हणून. तुझा फोटो बघितला आणि म्हटलं, आता जर तोंडावर काही दिसलं तर संपलं. म्हणून कोरा चेहरा केला आणि म्हणालो, चालेल. आत नुसतं धडधडत होतं.”

मला रडू फुटलं. चारचौघांत, चहाच्या कपावर. वेटर कागदी रुमालांची चळत ठेवून गेला.

“आणि लेकीचं नाव?” नाक पुसत विचारलं.

“ते नको होतं.”

“पिवळे पडदे?”

“ते अजूनही नको आहेत.”

“म्हणजे नको असलं तरी चालेल, आणि जीव अडकलेला असला तरी चालेल? मग ओळखायचं कसं माणसाने?”

हे पावाचे तुकडे करत म्हणाले, “कधीकधी मलाही कळत नाही गं.”

इतकं खरं बोलताना मी यांना पहिल्यांदाच ऐकलं. मी यांचा हात धरला. म्हटलं, “आता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडलाय. तुम्हाला परदेशी जायचंच नव्हतं. माझ्यासाठी चालेल म्हणत राहिलात.”

“तसं नाही. म्हणजे अ आणि क बद्दल बरोबर आहे, पण मी काय म्हणतो…”

“काही म्हणू नका. मला सगळं कळलं,” मी म्हटलं आणि यांना पाण्याचा ग्लास दिला.

१६ एप्रिल

डॉक्टरांना इथूनच फोन लावून सांगितलं, वर्कशॉप देणार नाही, आम्ही कुठेही जात नाही. माझ्या स्वप्नावर मी स्वतःच्या हाताने पाणी सोडलं. नवऱ्यासाठी बायको काय काय करते ते लोकांना दिसत नाही.

रात्री मात्र गाढ झोपले. या प्रवासात पहिल्यांदाच.

१९ एप्रिल

घरी. दार उघडलं आणि आपला वास आला. वरती खुर्ची ओढल्याचा आवाज आला तेव्हा मी वर जाऊन तिला मिठीच मारणार होते, पण अठरा वर्षांचं भांडण असं एका दिवसात मोडू नये.

भिंतीपलीकडच्या बहिणीला माझ्या त्यागाची हकिगत सांगितली. बाजारात दोघींना सांगितली. शाळेत जाऊन शिक्षकांच्या खोलीतही सांगून आले. त्याग केल्यापासून भूक चांगली लागते.

हे मात्र गप्प आहेत. दिवसभर खाली असतात, पण यंत्राचा आवाज येत नाही. मोबाइलमध्ये डोकं घालून काहीतरी टाइप करत बसतात. मी गेले की फोन उलटा ठेवतात. प्रवासाचा शीण असेल.

२२ एप्रिल

दुपारी मी ओट्यापाशी होते. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, दोन्ही हात प्लास्टरने पांढरे. शाळेत पाठांतर म्हणायला उभं केलेल्या मुलासारखे एकदम म्हणाले, “मला ब मध्ये राहायचंय.”

मी गॅस बंद केला. “काय म्हणालात?”

“मला ब मध्ये राहायचंय. मला हवंय.” दुसऱ्यांदा जरा सोपं गेलं असावं. “आजींचे डोळे आता साथ देत नाहीत. त्यांना हाताखाली नको, जोडीला माणूस हवाय. एक वर्षाच्या कामाचं पत्र पाठवलंय त्यांनी, सही-शिक्क्यासकट, व्हिसालाही तेच लागतं. रोज लिहितोय मी त्यांना. मी लिहिलेलं फोन त्यांच्या भाषेत करून देतो.”

“पण तुमचं काम इथे आहे की.”

“इथे मला डबी येते. चारशे सात, चारशे आठ. मी दात करतो आणि डबी जाते. एकतीस वर्षांत मी केलेल्या दातांनी कुणी हसताना मी पाहिलं नव्हतं गं. त्या म्हाताऱ्याने माझ्यासमोर सफरचंद चावलं. मी घरी येऊन रोज तेच आठवतोय.”

मला बसावंसं वाटलं. बसले. म्हटलं, “मी तर डॉक्टरांना नाही कळवलं.”

“मी काल त्यांना परत फोन करून हो कळवलं. तीस तारखेला किल्ली देतोय.”

“मला न विचारता?”

“तुला विचारलं असतं तर तू उलट मला विचारलं असतंस, आणि मी चालेल म्हणून गेलो असतो.”

कुकरची शिट्टी झाली असती तर बरं झालं असतं, पण गॅस मीच बंद केला होता.

२३ एप्रिल

डायरीशी खोटं कशाला बोलू? मला जायचं नाही.

गुणपत्रिका काढून बघितली. घराला एक्क्याण्णव, आणि जगाला जेमतेम पास. अ मध्ये कठडा डावीकडे म्हणून पाच गुण कापणारी बाई कुठे राहायला जाणार होती? ब मधल्या घरातून नदी दिसत होती आणि मला रंगाचा वास आला. निवृत्त झाल्यावर रिकामपण खायला उठलं, आणि मी त्याला परदेश असं नाव दिलं. एवढंच होतं ते. माझा तो त्यागही पोकळच निघाला, फुकटची शाबासकी घेत गावभर हिंडले.

आणि आता पेच असा, की या माणसाने एकतीस वर्षांत एक गोष्ट मागितली, आणि ती नेमकी माझीच कल्पना निघाली. नको म्हणू तरी कोणत्या तोंडाने? आणि हो म्हणाले तर तेही सासऱ्यांच्या घरातलंच उत्तर होईल. नको ते गिळायचं आणि चेहरा कोरा ठेवायचा. एका घरात असे दोघं झाले तर मग बोलायचं कुणी?

२६ एप्रिल

हे खाली सामान आवरतायत. अवजारं जुन्या कापडात एकेक करून गुंडाळतात आणि गुणगुणतात. सूर वाईट आहे. मला माहीतच नव्हतं की यांचा सूर वाईट आहे.

माझी पेटी पलंगावर उघडी पडलीय. चार दिवसांत एक टॉवेल भरला.

२९ एप्रिल

उद्या किल्ली द्यायची. दुपारी खाली गेले. फळ्या रिकाम्या, भिंतीवर त्यांच्या जागी पांढरे पट्टे. हे स्टुलावर बसून शेवटचं खोकं बांधत होते. मी उंबऱ्यावर बसले आणि सांगून टाकलं.

“मला जायचं नाही. मला भीती वाटते.”

वाटलं होतं, आता यांचा चेहरा कोरा होणार. झालाही होता, क्षणभर. मग यांनी दोरी खाली ठेवली.

“कसली?”

“तिथे मला कुणी ओळखत नाही. बाजारात चार शब्द बोलायचे तर हातवारे करायचे. तुम्ही त्या आजींकडे जाल. मी दिवसभर काय करू? मला तिथे भांडायला सुद्धा कुणी नाही.”

“मी आहे की.”

“तुमच्याशी कसलं भांडणार? तुम्ही पहिल्या वाक्यालाच शरण जाता.”

यांना हसू आलं, पण थांबवलं. म्हणाले, “घाबरू नकोस असं मी म्हणणार नाही. मलाही भीती वाटते. पण मला जायचंय. तू चल असंही मला वाटतं. आणि तू नाही आलीस तर मी एकटा जाऊन येईन वर्षभर, पण ते मला आवडणार नाही.”

ही तीन वाक्यं मी मनात पुन्हा एकदा म्हणून बघितली. जायचंय, तू यावंस वाटतं, नाही आलीस तर आवडणार नाही. तीनही वेगळी, तीनही स्वच्छ. एवढं विचारायचं सोडून मी इतकी वर्षं या माणसाच्या कोऱ्या चेहऱ्याला प्रथम श्रेणी देत होते.

मी म्हटलं, “वर्षभर येते. पण मला नाही करमलं तर?”

“तर परत येऊ.”

“आणि तेव्हा तुम्हाला परत यायचं नसेल तर?”

“तर नाही म्हणेन तुला,” हे म्हणाले. “आता येतं मला.”

इतका दिलासा मला कुणाच्याही होकाराने कधी दिला नव्हता. वर येऊन तासाभरात पेटी भरली. झाकण बसेना, तेव्हा यांना हाक मारली. हे झाकणावर बसले आणि मी कड्या लावल्या.